घोडेगावात ओपन माइक लावायचा तर

शुक्रवारी घोडेगावात जनावरांचा बाजार असतो, म्हणून शुक्रवारची संध्याकाळ सोडून द्या. दिवसभर म्हशींचे व्यवहार, टेम्पोंची ये-जा आणि धूळ झाल्यावर माणूस गाणं ऐकायला येत नाही, आला तरी बसल्या जागी पेंगतो. शनिवारही नको. शिंगणापूरची वाट घोडेगावावरूनच वळते. शनिवारी तिथे गाड्यांची रीघ असते, आणि शनी अमावास्येला तर रस्ता ओलांडायलाही थांबावं लागतं. कांद्याच्या लिलावाची आदली रात्र म्हणजे गोण्या, वजन आणि ट्रॅक्टर. राहता राहिले दोन-तीन दिवस. माझं ऐकाल तर वार धरूच नका, तिथी धरा. पौर्णिमा. तारीख कुणाला विचारावी लागत नाही, वस्तीवरून चालत येणाऱ्याला परतीच्या वाटेवर उजेड असतो, आणि ऐन गाण्यात लाइट गेली तरी गाणारा दिसत राहतो. पौर्णिमा शुक्रवारी आली तर गुरुवारी घ्या, शनिवारी आली तर रविवारी. एकादशी मात्र सोडा, ती भजनाची आहे. चालत्या भजनाला समोर दुसरा फड उभा करून गावात गाणं वाढत नाही, भांडण वाढतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत शिकून आलेली मुलं गावात ‘ओपन माइक करू या’ म्हणायला लागली आहेत. शहरात कॅफेत वगैरे हे चालतं. दारात नाव लिहायचं, पाच मिनिटं मिळतात, कविता म्हणा, गाणं म्हणा, विनोद सांगा. इंग्लंडात 1950 नंतर फोक क्लबांची लाट आली, तेव्हा तिथेही दारूच्या गुत्त्याच्या माडीवर असंच चाले. मुख्य गायकाच्या आधी श्रोत्यांतलेच दोन-चार जण उठून एकेक गाणं म्हणत. त्यांना ‘फ्लोअर सिंगर’ म्हणत, म्हणजे व्यासपीठावरचा नव्हे, बसलेल्यांतला गाणारा. आपल्याकडे हा माणूस नवा नाही. भजनात कोपऱ्यात टाळ घेऊन बसलेल्याला बुवा मानेनं खूण करतात आणि तो एक चाल म्हणून जातो, तोच हा. फरक एवढाच की भजनात ती खूण कुणाला मिळायची ते ठरलेलं असतं. वर्षानुवर्षं त्याच पाच-सहा जणांना मिळते. बाकीचे मागे म्हणतात आणि मागेच राहतात. ओपन माइकचा खरा उपयोग तिथे आहे.

मी भजनांना पेटीवर बसतो. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते पेटीमागून दिसलेलं आहे. व्यासपीठावरून कदाचित वेगळं दिसत असेल.

जागा

जागा ठरली की कोण येणार हेही ठरतं. देवीच्या मंदिराचा सभामंडप सोयीचा असतो. सावली आहे, फरशी आहे, दिवे आहेत, आवाज छान घुमतो. पण तिथे भीमगीत म्हणायला कुणी उभं राहील का, हे आधी स्वतःला विचारा. वामनदादा कर्डकांची गाणी ज्यांच्या तोंडी आहेत, शेख महंमदांचं नाव घेऊन जे गातात, पालावर राहून गोरमाटीत किंवा वडारी बोलीत जे गातात, त्या सगळ्यांना पाय ठेवायला संकोच वाटणार नाही अशी जागा गावात कोणती? बहुतेक गावांत उत्तर निघतं ते ग्रामपंचायतीचं पटांगण नाहीतर शाळेचा व्हरांडा. जागा फिरती ठेवलीत तर उत्तमच. एक पौर्णिमा पटांगणात, दुसरी एखाद्या वस्तीवर, तिसरी मळ्यातल्या गोठ्यापुढच्या खळ्यावर. ऊसतोडीच्या हंगामात टोळीच्या कोप्यांशेजारी एक संध्याकाळ करून बघा. त्या माणसांना पहाटे अंधारात फडावर जायचं असतं, तेव्हा तिथे सातला सुरू करून साडेआठला संपवावं लागेल. पण जागरणाची, वाघ्या-मुरळीची जी गाणी तिथे ऐकायला मिळतील ती गावातल्या गावात मिळायची नाहीत.

खुर्च्या मांडू नका, सतरंज्या टाका. खुर्च्या मांडल्या की पहिली रांग कुणाची हा प्रश्न येतो, आणि तो आला की पुढारी येतात. पुढारी आले की सत्कार, सत्कार आला की भाषण, आणि पहिला गाणारा उभा राहतो तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. पुढाऱ्याला यायला बंदी नाही. त्यांनीही चपला काढून सतरंजीवर बसावं, आणि गायचं असेल तर वहीत नाव लिहावं. एकदा एका गावात खरंच एका पदाधिकाऱ्यांनी नाव लिहिलं आणि गौळण म्हटली. बरी म्हटली.

दीपप्रज्वलन, हार, नारळ, शाल यांतलं काहीच नको. हे मी रुक्षपणानं म्हणत नाही, हिशेबानं म्हणतो, आणि तो हिशेब पुढे मांडलाच आहे.

माइक हवाच का?

नावात माइक आहे म्हणून तो लागतोच असं नाही. साठ-सत्तर माणसं सतरंजीवर अर्धगोल बसली आणि गाणारा भिंतीला पाठ करून उभा राहिला, तर साधा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. इंग्लंडातल्या त्या क्लबांपैकी कितीतरी ठिकाणी माइक नसेच. आपल्या आजोबा-पणजोबांनी भारुडं केली ती उघड्यावर आणि माइकशिवाय. पहिल्या दोन बैठका बिनमाइकच्या करून बघा, माणसं आपोआप पुढे सरकून बसतील. माइक असला की माणूस लांब बसतो, लांब बसला की शेजाऱ्याशी कांद्याच्या भावाचं बोलतो.

पण हमरस्ता जवळ असेल आणि ट्रकांचे हॉर्न मध्येमध्ये येणार असतील, किंवा माणसं दीडशेच्या वर जाणार असतील, तर माइक घ्या. मग काही गोष्टी पाळाव्याच लागतात. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद ठेवावा लागतो. वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. सण-उत्सवांसाठी रात्री 12 पर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकतं, पण ती वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस, आणि ते दिवस यात्रा-उत्सवांतच संपतात. तुमच्या पौर्णिमेसाठी ती मिळेल या भरवशावर राहू नका. शाळा किंवा दवाखाना शेजारी असेल तर भोवतालच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्राचाही विचार करा. अर्ज आठ दिवस आधी पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. पोच घडी करून पेटीच्या खोक्यात ठेवा, कारण ज्या दिवशी ती घरी राहते त्याच दिवशी कुणीतरी विचारायला येतं.

साउंडवाल्याला एकच गोष्ट आधी बजावून सांगा: एको नको. लग्नाच्या वरातीचा एको अभंगाला लावला की प्रत्येक शब्द तीनदा ऐकू येतो आणि एकदाही कळत नाही. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. ते गाणाऱ्याच्या मागे ठेवले की माइक शिट्टी मारतो, मग साउंडवाला धावत येऊन आवाज कमी करतो, मग मागचे ओरडतात, मग तो वाढवतो, मग पुन्हा शिट्टी. दोन माइक पुरतात, एक गाणाऱ्याला आणि एक पेटी-पखवाजाच्या मध्ये. टाळांना माइक लागत नाही. टाळकरी उलट सात-आठ फूट मागे बसवा, आणि नवीन गाणारा असेल तर टाळ दोनच जोड्या वाजू द्या. दहा जोड्या टाळांत पट्टीचा गायकही हरवतो.

गाणाऱ्यानं माइक तोंडापासून चार बोटं लांब धरावा, जाळी मुठीत आवळू नये, टिचकी मारून ‘हॅलो, हॅलो’ करू नये. वरच्या स्वराला माइक जरा दूर न्यावा, खालच्या स्वराला जवळ आणावा. हे सांगून येत नाही. सातला आलेल्या प्रत्येकाला दोन ओळी माइकवर म्हणून बघू द्या. स्वतःचा आवाज स्पीकरमधून पहिल्यांदा ऐकला की माणूस दचकतो. तो दचका साडेसातलाच होऊन गेलेला बरा.

वही

आता हिशेब. गावात संध्याकाळची धार काढून, दूध डेअरीला घालून, जेवून माणूस मोकळा होतो तो आठच्या सुमारास. दहाला माइक बंद. म्हणजे तुमच्या हातात 120 मिनिटं. सुरुवातीचं नमन आणि शेवटची भैरवी यांना मिळून 20 काढा, उरली 100. एका गाण्याला सहा मिनिटं, आणि एक उठून दुसरा बसेपर्यंत, पेटीचा स्वर बदलेपर्यंत दोन. आठ मिनिटांचा एक, म्हणजे बारा जण. सत्काराला अर्धा तास दिलात तर चार गाणारे कापले. कोणते चार कापले जातात ते ठरलेलं असतं: जे नवीन असतात, लाजत असतात आणि ‘राहू द्या, पुढच्या वेळी’ म्हणतात ते.

म्हणून वही ठेवा. शंभर पानी, साधी. वहीत पाच रकाने आखा: नाव, गाणं, पट्टी, साथ काय लागेल, आणि गाणं कुणाकडून शिकलं. वही सातपासून दाराशी उघडी असावी आणि तिच्याजवळ गावातल्या कुठल्याच मंडळाचा नसलेला माणूस बसवावा. आपल्याच मंडळाची बारा नावं आधी लिहून ठेवायचा मोह भल्याभल्यांना होतो. त्याच्या उलटही अडचण येते. पहिल्या बैठकीला कुणीच नाव देत नाही, सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. तेव्हा पाच नावं घरी जाऊन पक्की करा. एखादी शाळकरी मुलगी, एक म्हातारे टाळकरी, एक गोंधळी किंवा वाघ्या, महिला मंडळातल्या एक बाई, आणि ज्याच्या गाण्यावर मित्र हसतात असा एक तरुण. उरलेली सात नावं वहीला आपोआप मिळतात.

पाचव्या रकान्याबद्दल थोडं. निवेदकाला गाणाऱ्याबद्दल एकच वाक्य बोलू द्या, आणि ते या रकान्यातलं असू द्या. ‘हे आत्याकडून शिकले.’ ‘हे यात्रेतल्या एका पोतराजाकडून उचललं.’ ‘हे चुलत्यांच्या फडात ऐकलं.’ शेरोशायरी नको, ‘आपल्या लाडक्या, गोड गळ्याच्या’ नको. या रकान्यामुळे दुसराही एक फायदा होतो. ‘मोबाइलवर ऐकलं’ असं लिहायला माणसाला जरा जड जातं, आणि पुढच्या खेपेला तो घरातल्या म्हातारीकडे जाऊन बसतो. आपल्या भागाला पुंजी काही कमी नाही. नेवाशाला शके 1212 म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. ताहराबादच्या महिपतींनी (1715–1790) संतांची चरित्रं ओवीत बांधली. श्रीगोंद्याला शेख महंमद, संगमनेरला कवी अनंत फंदी (1744–1819), आणि गोदावरीच्या काठानं खाली गेलं की पैठणला नाथांची भारुडं. एवढं दाराशी असताना बारातले नऊ जण सिनेमातलं एकच गाणं म्हणायला लागले, तर दोष त्यांचा कमी आणि न विचारणाऱ्या आपला जास्त.

सिनेमाच्या गाण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ट्रॅकला. मोबाइल स्पीकरला जोडून तयार वाद्यमेळावर गाणं म्हणायची पद्धत आता खेड्यातही आली आहे. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गाणारा अर्ध्या मात्रेनं चुकला की चुकतच जातो, आणि पखवाजावर बसलेला माणूस हात मांडीवर ठेवून बघत राहतो. ट्रॅक घेणार नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका. ओरड होईल, होऊ द्या.

पट्टी

नवख्याचं गाणं बिघडतं ते बहुतेक वेळा पट्टीमुळे. माणूस घाबरलेला असला की आवाज वर चढतो. घरी काळी एकमध्ये गुणगुणणारा माइकपुढे काळी चारला सुरू करतो, ध्रुपद झोकात म्हणतो आणि अंतऱ्याला गेला की गळा फुटतो. म्हणून पेटीवाल्यानं साडेसातला प्रत्येकाला बाजूला घेऊन बसावं. ध्रुपदावरून पट्टी ठरवू नका. गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आधी म्हणायला लावा. ती आरामात लागली की तीच पट्टी वहीत लिहा आणि मग खाली या. गावाकडच्या पुरुषांचं बहुधा काळी एक-दोनवर बसतं, बायकांचं काळी चार-पाचवर. पण प्रत्येकाचं वेगळं ऐका.

आता यात एक गोम आहे, ती गाणाऱ्यांना माहीत नसते आणि वाजवणारे सांगत नाहीत. पेटी बोटभर सरकवली की स्वर बदलतो. तबल्याचं तसं नाही. काळी एकला लावलेला तबला काळी पाचला चढवायला गेलात तर पुडी फाटेल. त्याला लहान तोंडाचा दुसरा तबला लागतो. पखवाज बहुधा खालच्या पट्टीतला असतो, धुमेला लावलेली कणीक तासाभरात सुकायला लागते आणि आवाज बदलतो. तेव्हा बारा जणांचा क्रम वयावरून, मानावरून किंवा आलेल्या वेळेवरून लावू नका, पट्टीवरून लावा. आधी काळी एकचे सगळे, मग दोनचे. मध्ये चहा, चहात तबला बदलायचा, कणीक नवी लावायची, आणि मग काळी चार-पाचचे. एवढ्या एका गोष्टीनं दर गाण्यामागची हातोडीची ठाकठूक थांबते, आणि त्या वेळात आणखी दोन गाणारे बसतात. ज्येष्ठ मंडळी रुसतील. त्यांना चहानंतरचं पहिलं गाणं द्या, तोवर गर्दीही जमलेली असते.

डफ, दिमडी, संबळ यांना हा पट्टीचा जाच इतका नसतो. पण ती वाद्यं ज्यांची त्यांनाच वाजवू द्या. गोंधळ्याच्या गाण्यावर हौसेनं ढोलकी ठोकणारे बरेच भेटतात. संबळाची उडत जाणारी लय ढोलकीत बसवली की गोंधळाचा तमाशा होतो, आणि तमाशालाही ते आवडायचं नाही.

मागचे

सगळ्यात महत्त्वाचं पुढे येतंय. मी पहिल्यांदा माइकपुढे एकटा गायलो तेव्हा दुसरं कडवं विसरलो. ओठ हलेनात, पेटीवरची बोटं तेवढी चालू. समोर दोनशे माणसं. मागे पखवाजावर एक म्हातारे बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ ध्रुपद उचललं, टाळकऱ्यांनी धरलं, समोरच्या पहिल्या दोन रांगांनी धरलं. दोन आवर्तनं झाली आणि कडवं आपोआप जिभेवर आलं. कार्यक्रम संपल्यावर लोक म्हणाले, मधलं ध्रुपद काय रंगलं हो!

शहरातल्या ओपन माइकमध्ये माणूस एकटा उभा असतो, विसरला तर विसरला. गावात तसं करायचं कारण नाही. दर बैठकीला मागे चार-सहा माणसं बसवा आणि त्यांना काम वाटून द्या: ध्रुपद धरायचं, कडवं नाही. गाणारा अडखळला की उचलायचं, चालला की सोडायचं. पोवाड्यातले झीलकरी हेच काम करतात. या माणसांचा आवाज गोड नसला तरी चालेल, कान हवेत. आणि त्यांची नावंही वहीत यावीत, गाणाऱ्यांच्या बरोबरीनं. गाणाऱ्यालाही सांगा की ज्या गाण्याचं ध्रुपद लोकांना दुसऱ्या फेरीत धरता येईल ते गाणं निवड. सुंदर असूनही धरता न येणारी गाणी असतात. ती तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, धीट झाल्यावर.

गाण्याच्या मध्ये दहा-वीस रुपयांची नोट घेऊन उठणारे प्रत्येक गावात असतात. मग गाणं थांबतं, नाव पुकारलं जातं, ‘यांच्याकडून बक्षीस’. ते बंद करणं अवघड आहे, वळवणं सोपं आहे. पेटीपुढे एक ताट ठेवा. नोट ताटात, नावं शेवटी एकदम वाचायची. वाघ्या, गोंधळी, वासुदेव, भारुडवाले यांची गोष्ट निराळी. त्यांचं पोट त्यावर आहे. त्यांना ‘हौशी लोकांची संध्याकाळ आहे, या की’ म्हणून फुकट बोलावू नका. बिदागी आधी ठरवा आणि सगळ्यांदेखत नाही, हातात द्या.

त्यांच्यासाठी आणखी एक करता येईल, पैसे न लागता. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. वयाची 50 वर्षं पूर्ण केलेल्या आणि कलेत बरीच वर्षं घालवलेल्या कलावंताला दरमहा 5,000 रुपये. अर्ज अडतो तो पुराव्यांपाशी. आयुष्यभर डफ वाजवलेल्या माणसाकडे कार्यक्रमपत्रिका नसते, प्रमाणपत्र नसतं, कात्रण नसतं. तुमच्या बैठकीची तारखेसकट छापलेली पत्रिका, त्यावर त्यांचं नाव, गाताना काढलेला फोटो आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचं एक पत्र एवढं दरवेळी देत गेलात, तर वर्षाभरात त्यांच्या पिशवीत फाइल तयार होते.

बायकांची वेळ

रात्री आठला बायका येत नाहीत असं म्हणून गप्प बसणारी मंडळं मी पाहिली आहेत. त्या येत नाहीत कारण आठला त्या भाकरी थापत असतात. महिला भजनी मंडळं दुपारी बसतात, तीन ते पाच. मग तुमचीही प्रत्येक तिसरी बैठक दुपारी घ्या. माइक लागणार नाही, परवानगी लागणार नाही, दहाची घाई नाही. पुरुषांनी त्या दिवशी चहा करावा.

आणि इथे पेटीवाल्यानं हात आवरावेत. जात्यावरच्या ओवीला स्वतःची चाल असते, दगडाच्या फेऱ्याची. तिच्यावर आठ मात्रांचा ठेका चढवला की म्हणणारी बाई गोंधळते आणि चार ओव्यांत थांबते. पेटी बंद, तबला बंद. जमलं तर घरातलं जुनं जातं खाली उतरवा, मूठभर दाणे घाला आणि दोघींना समोरासमोर बसवा. जातं फिरायला लागलं की जिला ‘मला काही येत नाही’ असं वाटत होतं तिला वीस ओव्या येतात. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 2017 पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळानं त्या टप्प्याटप्प्यानं लोकांपुढे आणल्या. लाख ओव्या जमल्या त्या असं कुणीतरी शेजारी बसून ऐकलं म्हणून. नागपंचमीची फेराची गाणी, भोंडल्याची गाणी, बाळंतिणीची गाणी, हे सगळं अजून सत्तरीच्या बायकांच्या तोंडी आहे. ते मोबाइलवर उतरवून घ्या. पण आधी विचारा, आणि कुठे टाकणार तेही सांगा. माहेरच्या दुःखाची ओवी तिनं तुमच्यापुढे म्हटली, याचा अर्थ ती सगळ्या व्हॉट्सअॅपवर फिरावी असा होत नाही.

गाण्यांच्या हक्काबद्दल लोक विचारतात म्हणून दोन ओळी. हौशी मंडळानं तिकीट न लावता श्रोत्यांपुढे गाणं म्हटलं तर कॉपीराइट कायद्यात त्याला मोकळीक आहे. तिकीट लावलंत किंवा सिनेमाच्या गाण्याचं चित्रण यूट्यूबवर टाकलंत की गोष्ट बदलते. पारंपरिक गाण्याला ही अडचण नाही, पण एखाद्या शाहिरानं स्वतः बांधलेलं गाणं असेल तर त्याचं नाव घेतल्याशिवाय म्हणू नका.

संपवताना भैरवी सगळ्यांनी मिळून म्हणा, आणि दहाला पाच कमी असताना खरंच थांबा. अर्धा तास आणखी रंगला असता असं वाटत असतानाच थांबलेलं चांगलं. पुढच्या पौर्णिमेला माणसं लवकर येतात.

पहिल्या तीन बैठका फसतील. एकीला पाऊस, एकीला कुणाच्या घरी मयत, एकीला फक्त अकरा माणसं. अकरा माणसांत मी ऐकलेलं एक भारुड अजून कानात आहे, तेव्हा अकराला कमी समजू नका.

आता सुरुवात कुठून करायची, तर पखवाजवाल्याला फोन करा. तो मिळाला की तारीख ठरली. मग दुकानातून शंभर पानी वही आणा, पाच रकाने आखा, आणि पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहू नका.